पित्ताची भरती आणि जठराचें अस्तर

मालवणच्या उत्तरेस समुद्रकांठीं तोंडवली नांवाचें गांव आहे. तोंडवली आणि तिला लागून असलेलें तळाशील यांची वस्ती वाळूच्या एका लांबट, अरुंद पट्टीवर पसरली आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस गड नदीची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या भूमीवर माड, सुरूचीं झाडें, घरें व विहिरी. पावसाळ्याचे चार महिने खवळलेल्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात. नारळी पौर्णिमा उलटली, दर्या निवळूं लागला, म्हणजे वाळू थोडथोडी करून परत येते आणि तिच्यावर मर्यादवेल आपले फांटे पसरते. ही पट्टी दरसाल झिजते आणि दरसाल भरून येते. तिचें टिकणें ह्या दोन क्रियांच्या मधल्या सवडीवर अवलंबून असतें. जेथें समुद्र ती सवड देत नाहीं, तेथें माड मुळांसकट कोसळतात आणि लोकांस दगडी बंधाऱ्याची वाट पाहत बसावें लागतें.

असेंच एक पातळ अस्तर प्रत्येक मनुष्याच्या जठरास आंतून असतें. त्याच्या एका अंगास अन्न विरघळविणारें तीव्र आम्ल, आणि दुसऱ्या अंगास जिवंत रक्त व मांस. तेंहि रोज झिजतें आणि रोज भरून येतें. ह्या अस्तरावर कधीं कधीं उलट दिशेनें एक निराळीच भरती चढते. ती आंतड्यांतून वर येणाऱ्या पित्ताची. तिच्यामुळें अस्तरास इजा कशी होते, तें अस्तर त्या इजेला कसें तोंड देतें, आणि कोठवर तोंड देऊं शकतें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम शब्दाविषयीं थोडें बोलणें अवश्य आहे. मराठी घरांत ‘पित्त’ हा शब्द फार राबतो. डोकें चढलें कीं पित्त, छातींत जळजळलें कीं पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. तोंडवलीच्या घरांतहि सकाळीं कोणाचें तोंड कडू झालें, कीं ‘पित्त झालां’ ह्या दोन शब्दांत निदान पुरें होतें. आयुर्वेदांतील पित्ताची कल्पना फार व्यापक आहे. माधवनिदानांत आणि काश्यपसंहितेंत अम्लपित्ताचें वर्णनहि आलेलें आहे. परंतु शरीरविज्ञान ज्यास पित्त म्हणतें तो एक विशिष्ट रस होय. तो यकृतांत तयार होतो, त्याचा रंग पिवळसर हिरवा आणि चव कडू. आंबट पाणी घशाशीं येतें तें बहुधा जठरांतील आम्ल असतें. ओकारींतून कडू, हिरवट पिवळें पाणी पडतें, त्यांत हा पित्तरस असतो. एकाच नांवाखालीं हे दोन रस वावरत असल्यामुळें दोहोंवर एकच उपाय चालतो, आणि कित्येकदां त्यानें कार्य होत नाहीं.

आतां जठराकडे वळावें. जठराच्या अस्तरांतून दिवसाकाठीं सुमारें दोन लिटर पाचक रस पाझरतो. त्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतें. पचन जोरांत चाललें असतां ह्या रसाची अम्लता रक्ताच्या मानानें दहा लक्ष पटींहूनहि अधिक होऊं शकते. मांसाचा तुकडा त्यांत टाकला तर तो विरघळतो. मग स्वतः जठर, जें मांसाचेंच आहे, तें कां विरघळत नाहीं? लंडनचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनीं १७७२ सालीं हा प्रश्न विद्वानांपुढें मांडला. मृत्यूनंतर कित्येक प्रेतांचें जठर आपल्याच रसानें विरघळून गेलेलें त्यांना आढळलें होतें. यावरून जिवंत अस्तरामध्यें कांहीं विशेष शक्ति असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनीं काढला.

ती शक्ति एका गोष्टींत नसून अनेक गोष्टींच्या मेळांत आहे, असें पुढें दिसून आलें. अस्तराच्या सर्वांत वरच्या थरांतील पेशी एक बुळबुळीत श्लेष्मा स्रवतात. त्याचा एक चिकट लेप सर्व पृष्ठभागावर पसरलेला असतो. ह्या लेपाच्या खालीं त्याच पेशी बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याच्या सोड्यांतील आम्लनाशक घटक, सोडीत असतात. त्यामुळें लेपाच्या वर तीव्र आम्ल असलें तरी लेपाखालीं पेशींच्या अंगाला तें जवळ जवळ निर्विष होऊन पोंचतें. पेशी एकमेकींस इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, कीं त्यांच्या फटींतून आम्लास वाट मिळत नाहीं. खालून रक्ताचा अखंड प्रवाह चुकून शिरलेलें आम्ल वाहून नेतो. आणि इतकें करूनहि ज्या पेशी झिजतात, त्यांची जागा नव्या पेशी घेतात. सामान्यतः तीन ते पांच दिवसांत हा वरचा थर सगळाच्या सगळा बदलून जातो. घराच्या भिंतीला दर आठवड्यास नवा गिलावा द्यावा, तसा हा प्रकार आहे.

ही सर्व तजवीज आम्लाला तोंड देण्यासाठीं आहे. पित्ताचें काम दुसरें, आणि त्याचें ठिकाणहि दुसरें. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतें. तें पित्ताशयांत सांठतें व दाट होतें, आणि अन्न आलें म्हणजे लहान आंतड्याच्या पहिल्या भागांत, ज्यास आद्यांत्र म्हणतात त्यांत, ओतलें जातें. तेथें त्याचें मुख्य काम स्निग्ध पदार्थ फोडण्याचें. पित्तांतील क्षार साबणाच्या जातीचे आहेत. तेलकट भांड्याला साबण लावला कीं तेल सुटतें, तसेंच पित्ताच्या योगानें तूप, तेल, माशाची चरबी यांचे अति सूक्ष्म कण होतात आणि मग तीं पचतात. आंतड्यांत हें गुणकारी ठरतें. जठरांत मात्र हाच गुण अवगुण होतो. कारण प्रत्येक पेशीचें बाह्य आवरणहि स्निग्ध द्रव्यांचेंच बनलेलें असतें. साबण तेल आणि पेशी यांत भेद करीत नाहीं.

जठर आणि आद्यांत्र यांच्या मध्यें स्नायूंचें एक दार आहे. खाजण शेतीच्या बांधांत, गोव्यांत ज्यास ‘मानस’ म्हणतात, तशी लांकडी झडप असते. ओहोटीस ती उघडते व शेतांतलें पाणी बाहेर जातें. भरतीस ती मिटते व खारें पाणी आंत येत नाहीं. जठराचें दारहि साधारण ह्याच कामाचें आहे, परंतु तें लांकडी नसून जिवंत आहे, आणि पूर्णपणें घट्ट असें तें कधींच नसतें. निरोगी माणसाच्या जठरांतहि थोडें पित्त अधूनमधून येतें, विशेषतः जेवणानंतर आणि रात्रीच्या वेळीं. उपाशी पोटीं दर दीड दोन तासांनीं जठरापासून आंतड्याकडे जोरदार आकुंचनाची एक लाट जाते. ती झाडू मारल्याप्रमाणें राहिलेलें अन्न, श्लेष्मा व पित्त खालीं लोटते. प्रवासांत बोट लागून पुष्कळ ओकाऱ्या झाल्या, आणि शेवटीं पोटांत कांहीं न राहिल्यावर हिरवें पाणी पडलें, तर तेवढ्यावरून कोणता रोग जडला असें समजूं नये. प्रश्न उपस्थित होतो तो पित्त वारंवार येऊं लागलें, आणि येऊन तेथें रेंगाळूं लागलें म्हणजे.

अशा वेळीं काय घडतें? पित्ताचे क्षार श्लेष्म्याच्या लेपांतून खालीं शिरतात आणि पेशींच्या स्निग्ध आवरणास भेदतात. पित्तांत लेसिथिन नांवाचें एक द्रव्य असतें; स्वादुपिंडाच्या रसानें त्याचें लायसोलेसिथिन बनतें, तेंहि ह्या कामांत क्षारांना साहाय्य करतें. पेशींमधील सांधे सैल होतात. आणि मग जें आम्ल इतका वेळ बाहेर अडून होतें, तें अस्तराच्या आंत झिरपूं लागतें. अमेरिकेंतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ होरेस डॅव्हनपोर्ट यांनीं १९६४ च्या सुमारास ह्या झिरपण्याचें नीट विवरण केलें, आणि अस्तराच्या ह्या बांधासारख्या गुणाकडे सर्वांचें लक्ष वेधलें. ॲस्पिरिनसारखीं औषधेंहि हाच बांध फोडतात, असें त्यांच्या प्रयोगांवरून दिसून आलें. म्हणजे पित्त व आम्ल हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत ही समजूत येथें उपयोगी पडत नाहीं. पहिला दार फोडतो आणि दुसरा घरांत शिरतो.

आतां अस्तराचा प्रतिकार पाहण्यासारखा आहे. पहिल्या कांहीं मिनिटांतच खालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्त अधिक येतें, तें शिरलेल्या आम्लास पातळ करतें व वाहून नेतें. ऊतकांत पाणी भरून किंचित् सूज येते. मेलेल्या पेशी, बाहेर पडलेला श्लेष्मा आणि रक्तांतील तंतु यांचें मिळून जखमेवर एक टोपण तयार होतें, व त्याच्या आडोशाला दुरुस्ती सुरू होते. जठराच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक असे असंख्य खळगे आहेत. त्यांच्या कांठावरील वांचलेल्या पेशी आपली उंची टाकून चपट्या होतात, आणि उघड्या पडलेल्या पायावरून सरपटत पुढें जाऊन एकमेकींना भिडतात. यासाठीं नवी पेशी जन्मास यावी लागत नाहीं. आहेत त्याच पेशी जागा झांकतात. पाया शाबूत असेल, तर लहानशी उघडी जागा मिनिटांत नाहीं तर तासाभरांत झांकली जाते. शरीरांत इतकी तातडीची मलमपट्टी फार थोड्या ठिकाणीं पाहावयास मिळते.

त्यानंतरचें काम सावकाश चालतें. खळग्यांच्या तळाशीं, मानेसारख्या अरुंद जागेंत, विभागून नव्या पेशी उत्पन्न करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्या वेगानें कामास लागतात, आणि कांहीं दिवसांत नवा थर वर सरकून येतो. ह्या साऱ्या कामाला प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें चालना देतात. श्लेष्मा, बायकार्बोनेट व रक्तप्रवाह हे तिन्ही त्यांच्या योगानें वाढतात. जखम पायाच्या खालीं गेली, तर मात्र गोष्ट मिनिटांची व दिवसांची राहत नाहीं. व्रण होतो, आणि तो भरण्यास आठवडे लागतात.

जिवंत जठरांतील असे बदल प्रत्यक्ष पाहण्याचा योग प्रथम एका अपघातानें आला. १८२२ च्या जून महिन्यांत उत्तर अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नांवाच्या तरुणास अगदीं जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी शस्त्रवैद्य विल्यम बोमाँट यांनीं त्याचा जीव वांचविला. परंतु जठरापर्यंत जाणारें एक भोंक कायमचें राहिलें. त्या भोंकांतून बोमाँट यांनीं कित्येक वर्षें निरीक्षणें केलीं व १८३३ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. पित्त जठरांत सहसा आढळत नाहीं, हें त्यांनीं नमूद केलें. दुसरी गोष्ट अधिक मननीय आहे. मद्यपानाच्या अतिरेकानंतर सेंट मार्टिनच्या जठराचें अस्तर लालसर व जागजागीं दुखावलेलें दिसे, आणि तरीहि त्याची कांहीं तक्रार नसे. पथ्य पाळल्यावर कांहीं दिवसांत तें पूर्ववत् होई. अस्तर दुखावतें आणि भरतें, आणि मालकाला त्याचा पत्ताहि लागत नाहीं, हें त्या काळींच दिसून आलें होतें.

पित्ताचा विशेष विचार पुढें शस्त्रक्रियेमुळें करावा लागला. १८८१ च्या जानेवारींत व्हिएन्नाचे थिओडोर बिलरॉथ यांनीं कर्करोगानें बाधलेला जठराचा खालचा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. ह्या मार्गानें पुढें व्रणाचे व कर्करोगाचे असंख्य रोगी वांचले. परंतु जठराच्या त्या भागाबरोबर खालचें दारहि जातें. दार गेल्यावर पित्ताला अटकाव करणारें कांहीं उरत नाहीं. कित्येक रोग्यांना जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागांत जळजळ होई व हिरव्या पाण्याच्या ओकाऱ्या होत. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील सेझार रू यांच्या नांवानें ओळखली जाणारी आंतड्याची जोडणी ह्या त्रासावर उपयोगी पडली. हिच्यांत पित्त आणणारी आंतड्याची शाखा इंग्रजी वाय अक्षराप्रमाणें जठरापासून सुमारें ४० ते ६० सेंटिमीटर खालीं जोडतात, म्हणजे पित्ताला वर चढण्यास फार लांबचा मार्ग पडतो. शस्त्रक्रिया न झालेल्या माणसांतहि हें दार ढिलें असूं शकतें. दक्षिण आफ्रिकेचे शस्त्रवैद्य डु प्लेसी यांनीं १९६५ सालीं असें दाखविलें, कीं जठरांत व्रण असलेल्या रोग्यांच्या उपाशी पोटांतील रसांत पित्ताम्लांचें प्रमाण निरोगी माणसांपेक्षां जास्त असतें.

हा मारा वर्षानुवर्षें चालला तर अस्तराचें स्वरूप कसें होतें? इंग्लंडमधील लीड्स येथील विकृतिशास्त्रज्ञ मायकेल डिक्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९८६ सालीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं दिसणारें त्याचें चित्र नीट रेखाटलें. अस्तरांतील खळगे लांबतात आणि बूच काढण्याच्या मळसूत्राप्रमाणें वेडेवांकडे होतात. पेशींतील श्लेष्मा आटतो. मधला भाग पाण्यानें फुगतो, रक्तवाहिन्या फुगून लाल दिसतात, आणि खालच्या स्नायूंचे धागे वर चढूं लागतात. आणि आश्चर्याची गोष्ट ही, कीं एवढ्या गडबडींत लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार थोड्या असतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाच्या जंतूमुळें होणारा जठरदाह ह्याच्या उलट. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांना ज्याच्या शोधाबद्दल २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तो हा जंतु. तो असला कीं अस्तरांत पांढऱ्या पेशींची दाटी होते. जंतूशीं शरीर लढतें; पित्ताशीं लढण्यासारखें कांहीं नसतें, म्हणून तें नुसतें बांधीत राहतें. यामुळेंच ह्या विकाराला ‘दाह’ न म्हणतां रासायनिक इजेची प्रतिक्रिया म्हणावें, असें पुष्कळ तज्ज्ञांचें मत आहे. ॲस्पिरिन व त्या जातीच्या वेदनाशामक औषधांच्या नित्य सेवनानेंहि अगदीं असेंच चित्र दिसतें. म्हणून रोगी कोणत्या गोळ्या घेतो हें कळल्यावांचून नुसत्या सूक्ष्मदर्शकावर निदान ठरत नाहीं.

येथें ह्या विषयाचा गाभा आहे. घाईघाईनें बांधणें हा अस्तराचा मोठा गुण. परंतु विसांव्यावांचून सतत बांधावें लागलें, तर तोच गुण त्याला बदलून टाकतो. अपक्व पेशी वर येतात, त्यांच्याजवळ श्लेष्मा कमी, म्हणून पुढच्या भरतीला त्या आणखी लवकर बळी पडतात. पुष्कळ वर्षांनीं कांहीं माणसांत ह्याहून निराळा पालट होतो: जठराच्या अस्तरांत ठिकठिकाणीं आंतड्याच्या जातीच्या पेशी उगवूं लागतात. पित्त सोसण्याची संवय आंतड्याला असते. तेव्हां जठरानें आंतड्याचा वेष घेतला, असें म्हणतां येईल. तात्पुरतें हें शहाणपण दिसतें, पण वेष घेणाऱ्या पेशी आपला मूळ धर्म विसरूं लागतात, आणि कर्करोगाच्या वाटेवरील ही एक पायरी समजली जाते. ज्यांच्या जठराचा भाग पूर्वीं काढलेला आहे, त्यांच्या उरलेल्या जठरांत पंधरा वीस वर्षांनंतर कर्करोगाचा धोका वाढतो, हेंहि आढळून आलेलें आहे. बहुतेकांना तो होत नाहीं. तरी अशा माणसांनीं वैद्यकीय तपासणी सोडूं नये.

दीर्घकाळच्या क्षुल्लक घर्षणाचा असा परिणाम मुंबईच्या वैद्यकास अपरिचित नाहीं. टाटा स्मारक रुग्णालयांतील थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४५ सालीं एका निबंधांत हिंदुस्थानांतील चालीरीतींमुळें होणाऱ्या कर्करोगांचें वर्णन केलें; त्यांत कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या कांचण्यानें कातडीस होणाऱ्या कर्करोगाचा समावेश होता. धोतराची गांठ कोणाला एका दिवसांत अपाय करीत नाहीं. ती रोज, त्याच जागीं, वीस तीस वर्षें घासत राहते, आणि कातडीला भरून येण्यास सवड देत नाहीं, तेव्हां अपाय होतो. जठराच्या अस्तराचा न्याय ह्याहून निराळा नाहीं.

मग गृहस्थानें काय करावें? तोंडवलीचा एखादा रापणकर डोळ्यांपुढें आणावा. पहांटे उठून, रिकाम्या पोटीं चहा घेऊन, विडी ओढून तो किनाऱ्यावर जातो. दोर ओढून पाठ दुखते म्हणून वेदनाशामक गोळी घेतो. दुपारीं उशीरां भरपेट जेवण, रात्रीं तळलेल्या माशांवर ताव मारून लगेच अंथरूण. सकाळीं तोंड कडू, मळमळ, डोकें जड. म्हणून आणखी एक गोळी. ‘पित्त झालां’, हें त्याचें निदान कदाचित् खरेंहि असेल, परंतु उपाय मात्र उलटा चालला आहे. धूम्रपानानें जठराचें दार ढिलावतें. वेदनाशामक गोळी प्रोस्टाग्लँडिनांचें उत्पादन थांबवते. म्हणजे ज्यांच्या आधारानें अस्तर भरून यावयाचें, तींच द्रव्यें ती हिरावून घेते. मुंबई पुण्याच्या कचेरींत बसणाऱ्याचा दिनक्रम वरून निराळा दिसला, तरी चहा, सिगारेट, डोकेदुखीची गोळी आणि रात्रीचें उशीरांचें जेवण ह्या चार गोष्टींत दोघे भाऊभाऊच.

खाण्याचा सोडा किंवा आम्लशामक औषध आम्लाचा जोर कमी करतें, आणि आम्लच फुटलेल्या बांधांतून झिरपत असल्यामुळें त्यानें कांहींसा आराम पडतोहि. परंतु पित्त त्यामुळें थांबत नाहीं. सोलकढीनें जिभेला तरतरी येते, पण पित्ताला दाराआड थोपविणें हें तिचें काम नव्हे. ज्यांच्या जळजळीला अशा औषधांनीं पुरा उतार पडत नाहीं, त्यांनीं मात्रा वाढवीत न बसतां वैद्याचा सल्ला घ्यावा. दुर्बिणीनें जठर पाहतां येतें, अस्तराचा कण काढून तपासतां येतो, जंतु आहे कीं नाहीं हें कळतें. अस्तरावर लेप धरणारें सुक्राल्फेट, पित्ताची घडण सौम्य करणारें उर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल, जठर लवकर रितें करणारीं औषधें, यांपैकीं कोणतें कोणास लागू पडेल तें वैद्यानें ठरवावयाचें असतें. सर्वांना हमखास गुण देणारें एकहि नाहीं. काळें डांबरासारखें शौच, रक्ताची ओकारी, वजन घटणें, गिळतांना अडणें, वारंवार होणाऱ्या ओकाऱ्या, ह्यांपैकीं कांहींहि दिसल्यास एक दिवसहि दवडूं नये. नवजात बालकाला हिरवी ओकारी झाली, तर ती घरगुती ‘पित्त’ समजूं नये. आंतड्याला पीळ पडल्याची ती खूण असूं शकते, आणि तेथें तासांचा हिशेब असतो.

राहिलेली गोष्ट साधी आहे, आणि ती प्रत्येकाच्या हातांतली आहे. रात्रीचें जेवण हलकें व झोपेच्या दोन तीन तास आधीं घ्यावें; तंबाखू सोडावी; वेदनाशामक गोळी खाण्याचा परिपाठ ठेवूं नये, आणि ती वैद्यानें हृदयासाठीं वगैरे दिलेली असेल तर मनानें बंदहि करूं नये, त्याला विचारून तिच्या जोडीस संरक्षक औषध घ्यावें. जठराच्या दोन कामांमध्यें त्याला थोडा रिकामा वेळ मिळावा. त्याच वेळांत पेशी सरकतात, थर बदलतो, खळगे भरतात.

तोंडवलीच्या माणसाला हें वेगळें सांगावयास नको. भाद्रपद संपतां संपतां तो वेळेवर जातो आणि पावसाळ्यानें किती वाळू नेली तें पाहतो. नेलेल्या वाळूचें त्याला फारसें भय नसतें. ती येते, हें त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याचें लक्ष मर्यादवेलीकडे असतें. तिनें कोठें मूळ धरलें आहे आणि कोणाच्या पायाखालीं ती तुडविली जात आहे, हें तो पाहतो. अस्तराचीहि राखण अशीच करावयाची असते.